किंमत लोखंडाची, किंमत दंतकथेची

बास गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली की सेकंदाला साधारण ४१ कंपने होतात. साध्या गिटारच्या जाड तारेची होतात ८२. फरक एका सप्तकाचा. पण या स्वरासाठी जो व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर बांधायला बसतो, त्याचा सगळा हिशेब हे एक सप्तक बिघडवून टाकते. व्हॉल्व्हला शेकडो व्होल्ट लागतात आणि त्यातून वाहणारा प्रवाह अगदी थोडा असतो. स्पीकरला हवे असते नेमके उलटे, व्होल्ट कमी आणि प्रवाह भरपूर. या दोघांची गाठ आउटपुट ट्रान्सफॉर्मर घालून देतो. लोखंडी पत्र्यांची चवड आणि तिच्याभोवती गुंडाळलेली तांब्याची तार, एवढाच तो ऐवज. पण लोखंडाने किती चुंबकत्व पेलावे याला मर्यादा आहे. व्होल्टेज तेच ठेवून कंपने निम्मी केली की गाभ्यावरचा चुंबकीय भार दुप्पट होतो, आणि मर्यादा ओलांडली की खालचे स्वर चेपून, फाटून बाहेर येतात. मग एक तर तारेचे वेढे वाढवा, नाहीतर लोखंड वाढवा. शंभर वॉटच्या गिटार ॲम्पऐवजी तीनशे वॉटचा बास ॲम्प करायचा, तर बाकी सगळे होते तसे ठेवून वेढे आणि गाभ्याचे क्षेत्रफळ यांचा गुणाकार सुमारे साडेतीनपट व्हावा लागतो. नुसते वेढे वाढवले तर वरचे स्वर मंदावतात आणि तारेतच शक्ती वाया जाते. म्हणून शेवटी लोखंडच वाढते, आणि ते कोणत्याही युक्तीने हलके करता येत नाही.

लहान कार्यशाळेत, थोड्या संख्येने, बहुतांशी हाताने बांधलेल्या व्हॉल्व्ह बास ॲम्पला हल्ली बुटीक ॲम्प म्हणतात. त्याला अमेरिकेत दोन-तीन हजार डॉलर सहज पडतात, आणि त्याच्या वर कितीही. यावर वादकांमध्ये दोन मते ठरलेली आहेत. कोणी म्हणते ही शुद्ध लूट आहे. कोणी म्हणते ही कला आहे, तिचे मोल काढू नये. मला दोन्ही पटत नाहीत. या किमतीतला बराच मोठा वाटा अगदी चोख आहे, कारण तो भौतिकशास्त्राने ठरवलेला आहे. उरलेला वाटा गोष्टींचा आहे. आणि गंमत अशी, की विकणारे बहुतेक वेळा गोष्टींचीच जाहिरात करतात. चोख वाट्याबद्दल फारसे बोलत नाहीत. लोखंड दिसायला आकर्षक नसते, हे एक कारण असावे.

गिटारच्या जगात बुटीकचा तर्क निराळा आहे. तिथे वीस-तीस वॉटचा ॲम्प पुरतो, ट्रान्सफॉर्मर बेताचा असतो आणि पैसे जातात ते निर्मात्याच्या कानाला. न्यू जर्सीचे केन फिशर हे मूळचे अँपेग कंपनीतले अभियंते. नंतर त्यांनी ‘ट्रेनरेक’ या नावाने मोजके गिटार ॲम्प बांधले आणि त्यांना क्रमांकाऐवजी बायकांची नावे दिली. कॅलिफोर्नियातले अलेक्झांडर डंबल वादकाचे वाजवणे ऐकून त्याच्या हाताला साजेल असा ॲम्प जुळवीत आणि सर्किट कोणी उतरवून घेऊ नये म्हणून त्यावर इपॉक्सी ओतून ठेवीत. २०२२ मध्ये ते वारले. त्यांच्या ॲम्पना वापरलेल्या बाजारात लाख डॉलरच्या वरही किमती आल्या आहेत. तिथे विकली जाते ती एका माणसाची आवड. हाच तर्क उचलून बासच्या दुकानात मांडला की घोटाळा होतो. बासमध्ये आवडीच्या आधी वजन येते.

याचा पुरावा बासच्या इतिहासात सुरुवातीलाच मिळतो. लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये प्रिसिजन बास आणला आणि १९५२ मध्ये त्याच्यासाठी बासमन हा ॲम्प. त्याची सर्वांत नावाजलेली आवृत्ती १९५० च्या दशकाच्या अखेरची, चार दहा इंची स्पीकर आणि चाळीस-पंचेचाळीस वॉटची. मोठ्याने वाजवलेला बास तिला झेपत नसे. गिटारवाल्यांनी मात्र ती डोक्यावर घेतली, आणि १९६२ मध्ये लंडनमधल्या जिम मार्शल यांच्या दुकानात तिच्याच सर्किटवरून पहिला मार्शल ॲम्प तयार झाला. बाससाठी अपुरा पडलेला नकाशा रॉक गिटारचा पाया ठरला. सर्किट तेच, काम बदलताच ते कमीचे जास्त झाले.

बासचा प्रश्न धडाक्याने सोडवला तो अँपेगने, १९६९ मध्ये. एसव्हीटी या त्यांच्या ॲम्पमध्ये तीनशे वॉट, एकूण चौदा व्हॉल्व्ह आणि सातशेच्या आसपास व्होल्ट होते. आउटपुटला सहा ६१४६ व्हॉल्व्ह, म्हणजे रेडिओ प्रक्षेपकांसाठी बनवलेला नमुना. ते कटकटीचे ठरले म्हणून लवकरच त्यांच्या जागी ६५५० आले. ६५५० चे नुसते फिलामेंट तापवायला प्रत्येकी दहा वॉट लागतात. म्हणजे एकही स्वर वाजण्याआधी साठ वॉटची शेगडी पेटलेली असते. तीनशे वॉट झेलायला आठ-आठ स्पीकरची दोन कॅबिनेट. आजच्या आवृत्तीतही नुसत्या हेडचे, म्हणजे स्पीकर नसलेल्या ॲम्पचे, वजन ३५ किलोच्या पुढे आणि एका कॅबिनेटचे साठच्या पुढे आहे. रोलिंग स्टोन्सनी १९६९ च्या अमेरिका दौऱ्यात याचे सुरुवातीचे नमुने वापरले, गिटारलासुद्धा.

पण हे तीनशे वॉट कशासाठी होते? त्या काळी मोठ्या मैफिलीतल्या ध्वनियंत्रणेवर मुख्यतः गायकाचा आवाज जाई. बास शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा तर तो मंचावरच्या ॲम्पनेच पोचवायला हवा होता. एसव्हीटी हे त्या अडचणीचे उत्तर होते. ती अडचण आता उरलेली नाही. आज बासचा सिग्नल डीआय म्हणजे थेट जोडणीच्या बॉक्समधून मिक्सरकडे जातो, प्रेक्षकांना ऐकू येतात ते सभागृहाचे स्पीकर, आणि मंचावरच्या ॲम्पचा उपयोग वादकाला स्वतःला ऐकू येण्यापुरता. त्यासाठी क्लास-डी जातीचे हलके ट्रान्झिस्टरचे हेड आहेच. न्यू यॉर्कच्या ॲगिलार कंपनीचे ‘टोन हॅमर ५००’ पाचशे वॉट देते आणि दोन किलोदेखील भरत नाही. खांद्यावरच्या पिशवीत मावते. किंमत बुटीक ॲम्पच्या पाव ते एक तृतीयांश. जोराचा मुद्दा तिथे संपला. व्हॉल्व्हचा वॉट ट्रान्झिस्टरच्या वॉटपेक्षा मोठा असतो, हे अजून ऐकू येते. वॉट हा वॉटच असतो. व्हॉल्व्हचा ॲम्प मर्यादेपलीकडे रेटला तरी कानाला सुसह्य वाटतो म्हणून लोक तो अधिक रेटतात, एवढाच त्याचा अर्थ.

तेव्हा पैसे मोजायचे ते आवाजासाठी. पण कोणत्या आवाजासाठी, हे विचारले की गोष्टी सुरू होतात.

अँपेगचे संस्थापक एव्हरेट हल हे जॅझमधले उभा बास वाजवणारे. त्यांना स्वच्छ आवाज हवा होता. रॉक अँड रोल आणि ॲम्पची फाटलेली गुरगुर या दोन्हींचा त्यांना तिटकारा होता. त्यांच्याच काळात, १९६० मध्ये, जेस ऑलिव्हर यांनी बी-१५ पोर्टाफ्लेक्स बनवला. सुमारे पंचवीस वॉट, पंधरा इंची एक स्पीकर, आणि वाजवून झाले की ॲम्प उलटा फिरवून कॅबिनेटच्या पोटात ठेवायची सोय. फार नेटकी रचना आहे. आज लोक बी-१५ ची नक्कल विकत घेतात ती किंचित रेटल्यावर येणाऱ्या जाडसर, घोगऱ्या काठासाठी, म्हणजे हल यांना जे नको होते नेमके त्यासाठी. त्यावर मोटाउन या रेकॉर्ड कंपनीची झूल चढते. मोटाउनचे बासवादक जेम्स जेमर्सन क्लबांमध्ये बी-१५ वाजवत हे खरे. पण डेट्रॉइटच्या मोटाउन स्टुडिओत त्यांचा बास प्रामुख्याने थेट मिक्सिंगच्या टेबलात जात असे. त्या रेकॉर्डवरचा जो आवाज मिळवायला माणूस चार हजार डॉलर मोजायला तयार होतो, त्यात ॲम्पचा वाटा थोडा आणि जेमर्सन यांच्या एका बोटाचा फार मोठा आहे.

व्हॉल्व्हच्या ‘उबदार’ आवाजाबद्दलचा दुसरा समज असा की व्हॉल्व्ह सम क्रमांकाचे उपस्वर देतो आणि ते कानाला गोड लागतात. सुरुवातीच्या टप्प्यातल्या एकट्या ट्रायोडबाबत हे बरेचसे खरे आहे. पण बास ॲम्पचा आउटपुट टप्पा जवळजवळ नेहमी पुश-पुल, म्हणजे दोन बाजूंच्या व्हॉल्व्हनी आळीपाळीने ओढायचा, असतो, आणि दोन्ही बाजू नीट जुळलेल्या असल्या की त्यात सम उपस्वर एकमेकांना रद्द करतात. उरतात ते विषम. म्हणजे जाहिरात एक सांगते आणि त्याच ॲम्पमधला सर्वांत महागडा टप्पा दुसरेच करतो. मग उरलेला फरक येतो कुठून? बराचसा स्पीकर आणि ॲम्प यांच्यातल्या विद्युतसंबंधातून. व्हॉल्व्हच्या ॲम्पचा आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे अंतर्गत विद्युत अडथळा, जास्त असतो, त्यामुळे त्याची स्पीकरवरची पकड सैल असते. स्पीकरचा स्वतःचा इम्पीडन्स जिथे वाढतो, म्हणजे त्याच्या नैसर्गिक कंपनापाशी आणि वरच्या स्वरांत, तिथे त्याला जास्त व्होल्टेज मिळते. तळाशी फुगीरपणा येतो, वर थोडी चकाकी येते, आणि लोक त्याला ऊब म्हणतात.

१९८५ मध्ये अमेरिकन अभियंता बॉब कार्व्हर यांनी ‘स्टिरिओफाइल’ मासिकाच्या संपादकांना आव्हान दिले: कोणताही महागडा ॲम्प्लिफायर निवडा, माझा स्वस्त ट्रान्झिस्टरचा ॲम्प मी त्याच्यासारखा वाजवून दाखवतो. संपादकांनी व्हॉल्व्हचा एक भारी ॲम्प निवडला. कार्व्हर यांनी दोघांच्या आउटपुटमधला फरक मोजत मोजत तो जवळजवळ शून्यावर आणला, आणि त्यात आउटपुट इम्पीडन्स वाढवणे हे मोठे काम होते. त्यानंतर संपादकांना दोन्ही वेगळे ओळखता येईनात. या प्रयोगाचा शेवटचा शब्द म्हणून मी उपयोग करणार नाही. तो घरगुती हाय-फायचा प्रयोग होता आणि ॲम्प आपापल्या मर्यादेत वाजत होते. बासवाला ॲम्प मर्यादेबाहेर नेतो. तिथे पॉवर सप्लाय दमतो, स्वराचे तोंड किंचित दबते आणि मागून फुगत येते, ट्रान्सफॉर्मरचा गाभा भरत जातो. ही सगळी घडामोड एकमेकांत गुंतलेली आहे आणि बोटाच्या जोराप्रमाणे बदलते. वादक म्हणतात की फरक ऐकण्यापेक्षा हाताला जाणवतो. मला हे मान्य आहे. श्रोत्याला तो कळेलच असे नाही; पण वादक त्यामुळे वेगळे वाजवतो, आणि वेगळे वाजवलेले श्रोत्यापर्यंत पोचते.

मात्र हे मान्य केले की पैसे कुठे घालावेत तेही ठरून जाते. ही जाणीव घडते आउटपुट टप्प्यात, ट्रान्सफॉर्मरमध्ये आणि पॉवर सप्लायमध्ये. ती तेलात बुडवलेल्या कागदी कपॅसिटरमध्ये घडत नाही. चांगल्या प्रतीचा, योग्य मूल्याचा साधा फिल्म कपॅसिटर थोडक्यात मिळतो. त्याच्या जागी पन्नासपट किमतीचा घातला तर मोजणीत सापडेल असा फरक पडत नाही, नावात पडतो. जुन्या, न वापरलेल्या व्हॉल्व्हचे वेड तर त्याहून मोठे आहे. टंग-सोल, जेनालेक्स गोल्ड लायन, मुलार्ड ही एकेकाळी अमेरिका आणि इंग्लंडमधली वेगवेगळी घराणी. आज या नावांनी विकले जाणारे नवे व्हॉल्व्ह न्यू यॉर्कच्या एकाच कंपनीचे असतात आणि रशियातल्या सारातोव्ह शहरातल्या एकाच कारखान्यात बनतात. स्लोव्हाकियात एक मोठा कारखाना आहे, चीनमध्ये काही आहेत. जगभरच्या व्हॉल्व्ह ॲम्पचा डोलारा एवढ्यांवर उभा आहे. मार्च २०२२ मध्ये युक्रेन युद्धापाठोपाठ रशियाच्या निर्यातबंदीची बातमी आली तेव्हा काही दिवसांत व्हॉल्व्ह दुकानांतून दिसेनासे झाले आणि किमती चढल्या. आपल्याकडेही बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये १९६० च्या दशकात व्हॉल्व्ह बनत होते, घरोघरच्या रेडिओंसाठी. त्यातले शिल्लक नग आता परदेशात जुना माल म्हणून चढ्या भावाने विकले जातात. चारऐवजी सहा आउटपुट व्हॉल्व्ह असलेल्या ॲम्पचा मालक या सगळ्या उलाढालीला दीडपट बांधलेला असतो, हे त्याने विकत घेतानाच ध्यानात घ्यावे.

हाताने केलेल्या जोडकामाबद्दल मी तितका कडक नाही. इंग्लंडच्या हायवॉट कंपनीचे १९७० च्या दशकातले ॲम्प उघडून पाहावेत. हॅरी जॉइस यांच्या हाताखाली झालेले ते जोडकाम लष्करी शिस्तीचे आहे, प्रत्येक तार काटकोनात वळलेली. आवाज त्यामुळे सुधारतो असे मी म्हणणार नाही. पण व्हॉल्व्हचे सॉकेट थेट छापील बोर्डावर बसवले की वर्षानुवर्षांच्या उष्णतेने डाख सुटतात, बोर्ड करपतो. तेच सॉकेट पत्र्याच्या चेसिसला आवळून तारांनी जोडले तर टिकतात आणि बिघडले तर एकेक बदलता येतात. हा टिकाऊपणाचा मुद्दा आहे आणि त्याला पैसे पडतातच. समजा, एका ॲम्पला तीस तास लागले आणि कारागिराला तासाचे चाळीस डॉलर दिले, तर बाराशे डॉलर मजुरीचेच झाले. त्यावर ट्रान्सफॉर्मर, जुळवलेले व्हॉल्व्ह, चेसिस, पेटी, सुरक्षाचाचण्या, दुकानदाराचा वाटा. वर्षाला दहा-वीस नग करणाऱ्याला ट्रान्सफॉर्मर घाऊक भावात मिळत नाहीत. तीन हजार डॉलरला ॲम्प विकणारा श्रीमंत होत असेल असे मला वाटत नाही.

माझी खरी तक्रार रचनेबद्दल आहे. इतक्या कष्टाने, इतक्या चांगल्या लोखंडावर बहुतेक जण पुन्हा एसव्हीटीच बांधतात. नाहीतर बी-१५, नाहीतर बासमन. ज्या अडचणीसाठी तीनशे वॉट लागले ती गेली, तरी आकडा राहिला, कारण आकड्याला प्रतिष्ठा आहे. तीनशेवरून तीस वॉटवर आले तर आवाज दहा डेसिबलने उतरतो, म्हणजे कानाला साधारण निम्मा वाटतो. ढोलकीवाला शेजारी बसला असेल तर तेवढे पुरणार नाही, पण शंभर वॉटमध्ये तो प्रश्न बराचसा मिटतो. चाळीस ते शंभर वॉट, दोन किंवा चार आउटपुट व्हॉल्व्ह, आणि वॉटच्या मानाने मुद्दाम मोठा ठेवलेला ट्रान्सफॉर्मर, की खालचा स्वर फाटेल तो व्हॉल्व्हमुळे फाटेल, लोखंडामुळे नाही. ट्रान्सफॉर्मरच्या पुढे घेतलेला चांगला डीआय, म्हणजे वादकाला जे जाणवते तेच मिक्सरला मिळेल. तिथे स्पीकरऐवजी कृत्रिम भार जोडायची सोय. व्हॉल्व्ह बिघडला तर कोणता ते सांगणारा दिवा आणि प्रत्येकाला वेगळा फ्यूज. यातले काहीच नवीन किंवा अशक्य नाही. तरी अशा रचना थोड्या आहेत, कारण ग्राहकाला १९६९ हवे असते आणि बुटीकवाला गरीब असतो. त्याला प्रयोग परवडत नाही. दोष दोघांचा आहे, पण ग्राहकाचा थोडा अधिक.

हा ॲम्प आपल्याकडे येतो तेव्हा आणखी एक गोष्ट उघडी पडते. अमेरिकेतली वीज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झची. आपली २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची. व्होल्टेज उतरवणारा डबा लावून पहिला फरक मिटवता येतो, दुसरा मिटत नाही. फक्त साठसाठी काटेकोर आखलेल्या पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यावर इथे वीस टक्के जास्त भार पडतो. तो गुणगुणतो, तापतो, आणि मुंबईच्या मे महिन्यात मंचावर दोन तास चालला तर जळूही शकतो. ज्याने लोखंडात हात आखडता घेतला त्याची लबाडी आपल्या विजेवर आपोआप पकडली जाते. निर्यातीसाठी वेगळा ट्रान्सफॉर्मर बसवणारे निर्माते आहेत. नसेल तर तो मागून घ्यावा. आणि मालवाहतूक वजनावर ठरते, तेव्हा लोखंडाचे पैसे इथल्या माणसाला दोनदा पडतात. इथले बहुतेक बँड मोठे ॲम्प विकत न घेता कार्यक्रमापुरते भाड्याने आणतात, ते शहाणपणच आहे.

विकत घ्यायचाच असेल तर त्याच्या बाजूने सर्वांत बळकट युक्तिवाद आवाजाचा नाही, दुरुस्तीचा आहे. क्लास-डी हेडमधले पॉवर मॉड्यूल बिघडले की ते उतरवून नवे बसवतात. ते बनायचे बंद झाले की उरते ती नुसती पेटी. १९६० च्या दशकातले बी-१५ मात्र आजही वाजत आहेत, कारण त्यातला प्रत्येक भाग एका माणसाला मल्टिमीटर आणि डाखणी घेऊन बदलता येतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत सुटे भाग मिळतील, ट्रान्सफॉर्मर गुंडाळून देणाराही सापडेल. पण बासचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर इन्व्हर्टरच्या ट्रान्सफॉर्मरसारखा सरसकट गुंडाळून चालत नाही. त्याची वाइंडिंग थरांमध्ये विभागलेली असते, प्रायमरीचा एक थर, सेकंडरीचा एक, पुन्हा प्रायमरी. किती थर, प्रत्येकात किती वेढे, कोणत्या जाडीची तार, गाभा कोणता, हे माहीत नसेल तर चांगला कारागीरही अंदाजच करणार. डंबल यांच्या इपॉक्सीखाली जे होते ते कोणाच्या नातवाला दुरुस्त करता यायचे नाही. म्हणून मी तरी पैसे काढण्याआधी निर्मात्याकडे दोनच कागद मागीन: पूर्ण सर्किट आणि ट्रान्सफॉर्मरची वाइंडिंगची माहिती. ते मिळाले तर तीन हजार डॉलर मला जास्त वाटणार नाहीत. नाही मिळाले, तर त्याच पैशांत एक क्लास-डी हेड, एक चांगले कॅबिनेट आणि एखादा जुना प्रिसिजन बास शोधायला लागावे.